ग्लास उलटा करून बघा

जुना बियरचा ग्लास हातात आला की लोक समोरचं चित्र बघतात. सिंह आहे, गरुड आहे, पंखांचा घोडा आहे. चित्र ओळखलं की त्यांच्या लेखी काम संपलं. मी ग्लास आधी उलटा करतो. बूड बघतो, काठावरून बोट फिरवतो, अंगावरची जोडाची रेघ कुठवर गेली आहे ते उन्हात धरून पाहतो, आणि कुठे पत्ता छापलेला असेल तर चष्मा पुसून तो वाचतो. चित्राकडे सगळ्यात शेवटी येतो. खामगावच्या भंगारवाल्यांना माझी ही खोड आता पाठ झाली आहे. ते ग्लास उपडाच पुढे करतात.

आधीच सांगून टाकतो, मी माळकरी आहे. शेगाव जवळ, गजानन महाराजांची वारी घरात आजोबांपासून चालत आलेली. बियर कशी लागते ते मला ठाऊक नाही आणि आता या वयात जाणून घ्यायची हौसही नाही. तरी बियरच्या ग्लासांचं आणि बाटल्यांचं एक कपाट माझ्या घरात आहे आणि ते नेमकं देवघराच्या भिंतीला लागून आहे. त्यावरून बायको जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हा नाद लागला तो सोड्यामुळे. आमची सोडावॉटरची फॅक्टरी होती. फॅक्टरी म्हणायची पद्धत म्हणून म्हणायचं. प्रत्यक्षात एक खोली, एक हाताने फिरवायचं मशीन, पाण्याचा हौद आणि लाकडी खोके. आजोबांच्या काळात खडूची पूड आणि गंधकाचं तेजाब एकत्र करून गॅस काढायचे. पुढे लोखंडी नळकांडी आली, तो त्रास गेला. बाटल्या सगळ्या गोटीच्या. मशीनमध्ये बाटली उलटी फिरायची, गॅसच्या जोराने गोटी तोंडातल्या रबराला जाऊन बसायची आणि आपोआप बूच लागायचं. रबर झिजलं की बाटली फुसकी. लहानपणी माझं काम एकच होतं, परत आलेल्या बाटल्या निवडायच्या. तोंड फुटकं, रबर गेलेलं, बुडाला तडा. तडा गेलेली बाटली मशीनमध्ये गेली तर फुटून तोंडावर येते, त्यामुळे ती निवड चेष्टेवारी नव्हती. काचेचं बूड आणि तोंड आधी बघायची सवय तिथे लागली ती लागलीच.

त्या बाटल्यांवर उठावाची अक्षरं असायची आणि ती आमच्या फॅक्टरीची नव्हती. कुठल्या मुंबईच्या सोडावाल्याचं नाव, कुठल्या पुण्याच्या, काहींवर बार्न्स्ली नावाचं गाव. हे बार्न्स्ली इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं आणि बार्न्स्लीचे डॅन रायलंड्स यांनी ती ढिगांनी बनवली. आमच्या आजोबांनी यॉर्कशरला कधी पत्र टाकलं नव्हतं. बाटली इंग्लंडात घडली, मुंबईच्या कोणी स्वतःचं नाव घालून मागवली, रेल्वेने इकडे आली, परत गेलीच नाही आणि शेवटी खामगावच्या बाजारात आमचा लिंबूसोडा पोटात घेऊन उभी राहिली. काचेवर ज्याचं नाव, आत त्याचाच माल असतो असं नाही. बियरच्या काचेलाही हेच लागू पडतं, पण चित्र ओळखून खूश होणारी मंडळी ते ऐकून घेत नाहीत.

आता कोणी विचारेल की बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात बियरचे जुने ग्लास आले कुठून. इंग्रजांच्या काळात बियर गाळणाऱ्या ब्रुअऱ्या थंड हवेच्या ठिकाणी किंवा छावण्यांच्या आसपास होत्या: कसौली, सोलन, मरी, नैनिताल, निलगिरी, बंगळूर. वऱ्हाडच्या उन्हात बियर आंबवायचा विचार कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. इथे आली ती तयार बियर, आणि आली कापसामुळे.

१८६० च्या दशकात जी. आय. पी. रेल्वेची लाइन भुसावळहून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत अकोल्याकडे गेली. खामगाव लाइनीवर नव्हतं, पण कापसाचा बाजार इथला मोठा. म्हणून जलंबपासून आठ मैलांचा फाटा टाकला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः इथे आला. आठ मैलांच्या रेल्वेसाठी व्हाइसरॉय! अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांची कोंडी झाली होती. ती युद्ध संपल्यावरही त्यांच्या लक्षात होती. कापसामागून राली ब्रदर्स, फोलकार्ट ब्रदर्स अशा कंपन्यांचे एजंट आले, जिनिंग-प्रेसिंगची यंत्रं आली, यंत्रांमागून गोरे फिटर आले. यांना उन्हाळ्यात बर्फ, सोडा आणि बियर लागायची. साहेब लोक घाटावर, बुलढाण्याला. दोन हजार फुटांहून उंच, वऱ्हाडातली त्यातल्या त्यात बरी हवा. माल उतरायचा घाटाखाली मलकापुरात आणि बैलगाडीने वर चढायचा.

दक्षिणेकडची गोष्ट वेगळी. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या भागाला जालना जवळ. जालना निजामाच्या राज्यात, आणि तिथे १९०३ पर्यंत लष्करी छावणी होती. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे जालन्यावरून सुरू झाली. त्यामुळे घाटाखालच्या भंगारात जी. आय. पी. ची अक्षरं कोरलेले ग्लास सापडतात आणि देऊळगावकडे निजामाच्या रेल्वेची. एकाच जिल्ह्यात काचेचे दोन रस्ते. कुणी मला देऊळगावचा म्हणून जी. आय. पी. चा ग्लास दाखवला तर मी आधी विचारतो, सासर-माहेर कुठलं? बहुतेक वेळा घरातली कोणी सून मलकापूर-नांदुऱ्याची निघते.

ही रेल्वेची अक्षरं काळ सांगायला फार उपयोगी. जी. आय. पी. चं नाव ५ नोव्हेंबर १९५१ ला गेलं आणि मध्य रेल्वे झाली. त्यामुळे ती अक्षरं असलेला ग्लास त्याच्या आधीचा, हे डोळे मिटून सांगता येतं. मात्र तो बियरचा होता की लिंबूपाण्याचा, हे कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मी उठतो. रिफ्रेशमेंट रूमचा ग्लास तो. ज्याने जे मागवलं ते त्यात ओतलं.

ब्रुअरीचं बोधचिन्ह आणि काच यांचा संबंध समजायला खामगावकराला कापसाची गाठ आठवली तरी पुरे. गाठीवर व्यापाऱ्याचा मार्का असतो आणि ज्या प्रेसमध्ये ती बांधली त्या प्रेसची खूण वेगळी असते. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंगच्या कायद्याने प्रेसची खूण आणि गाठीचा क्रमांक सक्तीचा केला, कारण व्यापाऱ्याचा मार्का बघून मिसळीचा कापूस कोणी बांधला ते कळत नसे. ग्लासाचंही तसंच. समोर दारूवाल्याचा मार्का, बुडाला काचवाल्याची खूण. मार्का रंगाचा, तो घासून जातो. बुडाची खूण साच्यात पडलेली, ती राहते.

तर बूड. परदेशी ग्लासांच्या बुडाशी किंवा अंगावर मुकुट आणि आकडा दिसतो. विलायतेत पाइंटाचं माप बरोबर आहे हे सरकारी माणूस तपासायचा आणि मुकुटाची मोहर मारायचा. १८७९ पासून प्रत्येक तपासणी कचेरीला ठरलेला आकडा दिला होता. मुकुटाबरोबर राजाची आद्याक्षरं असली तर राणी व्हिक्टोरिया की जॉर्ज तेही कळतं. असा मग आमच्याकडे क्वचित मिळतो, पण मिळाला की समजायचं, तो विलायतेतल्या कुठल्या तरी पबमधला आहे आणि कोणा साहेबाच्या सामानातून आला. त्याचा इथल्या दुकानाशी संबंध नाही. ‘मेड इन जर्मनी’, ‘मेड इन इंग्लंड’ असं देशाचं नाव असेल तर माल सहसा १८८७ नंतरचा, कारण त्या वर्षीच्या इंग्रजी कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं आणि दोन वर्षांनी हिंदुस्थानातही तसाच कायदा आला.

देशी काचेची खूण दिसली की मला जास्त आनंद होतो, हे लपवत नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर फिरून वर्षाला एक पैसा गोळा केला, लोकमान्यांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काच शिकवायला होते. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंचा कारखाना निघाला. ओगलेवाडी हे गावाचं नावच त्यावरून पडलं. प्रभाकर कंदील आमच्या घरातही होता, वडील त्याची काच राखेने पुसायचे. एक पैशाच्या वर्गणीतून देशाने काच शिकली, आणि आता अशा काचेवर मी दारूवाल्यांची चित्रं शोधतो. आजोबा असते तर त्यांनी मला काय म्हटलं असतं याची कल्पना आहे.

पुढच्या काळात बुडावर ‘येरा’ दिसलं तर तो बडोद्याच्या अलेम्बिकचा ग्लास. बियरच्या बाटलीच्या बुडाशी एच. एन. जी. म्हणजे हिंदुस्थान नॅशनल ग्लास, कारखान्याची सुरुवात बंगालात, ए. जी. आय. म्हणजे हैदराबादचा. हे दोन्ही स्वातंत्र्याच्या आसपासचे किंवा नंतरचे. एखाद्याने इंग्रजांच्या काळातली बाटली म्हणून पाच हजार मागितले आणि खाली यातलं एखादं नाव असलं, तर मी वाद घालत नाही. नुसती बाटली उपडी करून त्याच्या हातात परत देतो.

बुडानंतर तोंड. बाटलीच्या अंगावर साच्याच्या दोन भागांची रेघ असते. ती मानेवरच संपली आणि ओठ वेगळा चढवल्यासारखा जाड, वेडावाकडा दिसला, तर बाटली माणसाने फुंकून केलेली. रेघ थेट ओठावरून गेली तर यंत्राची. असं पूर्ण यंत्र अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं आणि इकडे पोचायला आणखी काही वर्षं गेली. पत्र्याच्या दातेरी बुचासाठी केलेला ओठ असेल तर ती १८९२ नंतरची, कारण त्या वर्षी बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी ते बूच पेटंट केलं. त्याच्या आधी कॉर्क आणि तार. भाजलेल्या मातीच्या, वर पिवळट आणि खाली पांढऱ्या अशा बाटल्याही घाटावरच्या जुन्या बंगल्यांच्या उकिरड्यात निघतात. त्यावर ग्लासगोचं नाव असलं की लोक लगेच व्हिस्की म्हणतात. ती बहुधा जिंजर बियर, म्हणजे आल्याचं पाणी. त्यात साहेबांच्या पोरांचाही वाटा असे.

मापाची गोष्ट थोडक्यात. जुन्या मोठ्या बाटलीला क्वार्ट म्हणत, पण ती खरी क्वार्ट नव्हे. गॅलनचा सहावा हिस्सा, म्हणजे साधारण ७५७ मिलिलिटर. आताची मोठी बाटली ६५० ची. औंस लिहिलेला ग्लास जुना आणि मिलिलिटर लिहिलेला नवा, कारण दशमान मापांचा कायदा १९५६ चा आणि द्रवाची मापं प्रत्यक्ष बदलली ती साठीच्या दशकात. दोन्ही मापं लिहिलेला ग्लास मिळाला तर तो मधल्या घाईगर्दीतला. असा एक माझ्याकडे आहे आणि तो मी कोणाला देणार नाही.

पण सगळ्यात मजा पत्त्याची. बाकी सगळं जगभर सारखं आहे. पत्ता मात्र आमच्याकडे असा बोलतो की दुसऱ्या जिल्ह्याने हेवा करावा. खामगाव जागचं हललं नाही, पण त्याच्या नावापुढचं बदलत गेलं. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात. १९०५ मध्ये वऱ्हाडची फेरमांडणी झाली, तेव्हा खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके बुलढाणा जिल्ह्याला जोडले. त्यामुळे एखाद्या दारूविक्रेत्याच्या लेबलावर ‘खामगाव, अकोला डिस्ट्रिक्ट’ असं असेल तर ते लेबल १९०५ च्या आधी छापलेलं, किंवा निदान छापणाऱ्याने जुनाच ठसा वापरलेला. नुसतं ‘बेरार’ असेल तर जुनं. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताकडे गेल्यावर हळूहळू ‘सी. पी. अँड बेरार’ लिहायला लागले. १९५० मध्ये ते ‘मध्य प्रदेश’ झालं, राजधानी नागपूर. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात आला, म्हणून पत्त्यात ‘बॉम्बे स्टेट’. १ मे १९६० पासून ‘महाराष्ट्र’. एकाच दुकानाच्या मालकाने जागा न सोडता एका आयुष्यात चार राज्यांची नावं लेबलावर छापली असतील. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला, तेव्हा ४४४३०३ हा आकडा दिसला की काम आणखी सोपं. जुन्या इंग्रजी कागदात बुलढाणा हे नाव एच अक्षराशिवायही लिहिलेलं सापडतं, तीही एक खूणच.

एक सावधगिरी मात्र हवी. आमचा व्यापारी माणूस काटकसरी. हजार लेबलं छापून आणली की राज्य बदललं म्हणून तो ती जाळणार नाही, संपेपर्यंत चिकटवणार. म्हणून ‘बॉम्बे स्टेट’ असलेलं लेबल १९५६ च्या आधीचं नाही एवढं पक्कं. १९६० च्या नंतरचं नाही, असं मी म्हणणार नाही.

आता चित्रं. लाल त्रिकोण म्हणजे इंग्लंडच्या बर्टन गावची बास ब्रुअरी. १ जानेवारी १८७६ ला इंग्लंडात व्यापारचिन्हांची नोंदवही उघडली आणि तिच्यात पहिला नंबर या त्रिकोणाचा लागला. फ्रेंच चित्रकार माने याच्या १८८२ च्या पॅरिसमधल्या बारच्या चित्रात तो त्रिकोण असलेल्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात. हिंदुस्थानात येणाऱ्या बर्टनच्या बियरमध्ये बासचा मोठा वाटा होता. आमच्या भंगारवाल्याने एकदा असा एक मग आणला. मी नेहमीप्रमाणे तो उलटा धरला होता. तो म्हणाला, ‘‘भाऊ, हा तं सरकारी दवाखान्यातला दिसून रायला. पाहा ना, लाल तिकोन.’’ उलट्या ग्लासावर त्रिकोणाचं टोक खाली आलं होतं आणि कुटुंब नियोजनाची जाहिरात समोर उभी राहिली होती. दोघंही इतके हसलो की शेवटी भाव करायचा राहून गेला.

कुत्र्याचं डोकं किंवा बुलडॉग दिसला तर लोक कुत्र्याची ब्रुअरी शोधत बसतात. अशी ब्रुअरीच नाही. गिनेस आणि बास यांची बियर पिंपांनी निघायची आणि ती बाटल्यांत भरून परदेशी पाठवणारे व्यापारी वेगळे. लंडनच्या रीड ब्रदर्सचं चिन्ह कुत्र्याचं डोकं, रॉबर्ट पोर्टरचं बुलडॉग. आत डब्लिनची गिनेस, बाहेर लंडनचा कुत्रा. गिनेसचं स्वतःचं चिन्ह वीणेसारखं आयरिश वाद्य, हार्प. ते १८६२ पासून लेबलावर आहे. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर सरकारने तेच वाद्य राजचिन्ह म्हणून घेतलं, पण तोंड उलट्या दिशेला, कारण ब्रुअरीने आधीच एक बाजू नोंदवून ठेवली होती. परदेशात पाठवताना प्राण्याचं चित्र का, हे आपल्याला सांगावं लागू नये. घोडा छाप काडेपेटी आणि वाघ छाप बिडी वापरलेल्या देशात माणसं नाव वाचत नव्हती, छाप बघून माल मागत होती.

सिंहाने सगळ्यात जास्त गोंधळ केला आहे. एडवर्ड डायर यांनी १८५५ मध्ये कसौलीला ब्रुअरी काढली. जालियनवाला बागेत गोळ्या घालणारा जनरल डायर हा त्यांचाच मुलगा. याच घराण्याच्या धंद्यातून पुढे लायन बियर आली. एच. जी. मीकिन यांनी शिमला-कसौली भागातल्या ब्रुअऱ्या घेतल्या, दोन्ही नावं पुढे एकत्र झाली. १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांनी ती कंपनी ताब्यात घेतली आणि साठीच्या दशकात डायरचं नाव जाऊन मोहन मीकिन झालं. ‘डायर मीकिन’ असं वाचता आलं तर ग्लास किंवा लेबल त्याच्या आधीचं. ‘मोहन मीकिन’ असेल तर नंतरचं. गोल्डन ईगलचा गरुडही याच घरचा. पण नुसता सिंह असेल आणि नाव झिजलेलं असेल तर? श्रीलंकेत लायन आहे, दक्षिण आफ्रिकेत लायन होती, न्यूझीलंडमध्ये लायन आहे. आखाती देशात कामाला गेलेला खामगावचा पोरगा येताना काय आणेल याचा भरवसा नाही. म्हणून म्हणतो, सिंहाच्या तोंडाकडे बघण्याआधी ग्लासाच्या बुडाकडे बघा.

पंखांचा घोडा म्हणजे युनायटेड ब्रुअरीज. १९१५ मध्ये थॉमस लिशमन या स्कॉटिश माणसाने दक्षिणेतल्या पाच ब्रुअऱ्या एकत्र करून ती कंपनी केली. १९४७ मध्ये विठ्ठल मल्ल्या तिचे पहिले हिंदी संचालक झाले. खंड्या पक्ष्याची किंगफिशर आज सगळीकडे दिसते, पण तिचा हा जमाना १९७८ नंतरचा. खंड्याचा कोणताही ग्लास साहेबाच्या काळातला म्हणून विकत घेऊ नका.

माझ्या कपाटात इंग्रजांच्या काळचे जे ग्लास आहेत त्यांवर ब्रुअरीची रंगीत चित्रं जवळजवळ नाहीतच. असलं तर क्लबचं किंवा पलटणीचं चिन्ह, तेही तेजाबाने कोरलेलं, दुधी. रंगीत छापाचे ग्लास दिसतात ते पुढच्या काळातले, आणि मध्ये एक मोठी पोकळी आहे. तिचं कारण दारूबंदी. मुंबई राज्यात कडक दारूबंदी होतीच. विदर्भ त्या राज्यात आल्यावर १९५९ च्या कायद्याने मुंबईचा दारूबंदी कायदा आमच्याकडेही लागू झाला. परवाना, युनिट, हेल्थ परमिट हे शब्द आमच्या भाषेत तेव्हा शिरले. तब्येतीसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू! साठीच्या दशकात ती पकड सैल होत गेली आणि मग परमिट रूमच्या पाट्या लागल्या. नागपूर-सुरत हायवेवर मलकापूर-नांदुऱ्याच्या बाजूला ढाबे आले, ढाब्यांवर बियर कंपन्यांनी फुकट वाटलेले ग्लास आले. लंडन पिल्सनर, हेवर्ड्स, खोपोलीजवळच्या कारखान्याची बियर. काही ग्लास निवृत्त फौजींच्या घरी लष्करी कँटीनमधून पोचले. या ग्लासांवरचा रंग काचेवर चिकटवून भट्टीत पक्का केलेला असतो. नख लावलं तर किंचित उंचवटा जाणवतो. अलीकडे जुने म्हणून जे मग विकले जातात त्यांवरचं दुधी काम सगळीकडे एकसारखं, खरखरीत आणि कडा फार स्वच्छ असतात. आणि बूड नवंकोरं. खऱ्या जुन्या ग्लासाच्या बुडाच्या काठावर वर्षानुवर्षं टेबलावर सरकल्याचे ओरखडे असतात, सगळ्या दिशांनी. ते कोणाला घाईत करता येत नाहीत. करायला गेलं तर सगळे ओरखडे एकाच बाजूला जातात.

बाटल्या मात्र दारूबंदीतही गावात फिरतच होत्या, फक्त बियरसाठी नाही. माझ्या पिढीच्या प्रत्येक माणसाला रेशनच्या रांगेतली घासलेटची बाटली आठवत असेल, गळ्याला सुतळी बांधलेली. ती तपकिरी बाटली बियरचीच. जवसाचं तेल, काकवी, मध, फिनेल, सगळं त्यातच. उठावाच्या अक्षरांत ब्रुअरीचं नाव आणि आत बाळंतिणीचं तेल असं मी पाहिलं आहे. कंपन्यांना हे परवडत नाही. रिकामी बाटली भंगारवाल्याकडून परत येते म्हणून त्या अंगावर नाव पाडतात, आणि दुसऱ्याच कंपनीने त्या नावाच्या बाटलीत आपली बियर भरली म्हणून भांडणं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. कोर्टाने काय करायचं ते करो. आमच्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की बाटली ज्याच्या हातात, त्याची. फक्त तिला तडा नसावा.

अलीकडे माझं लक्ष जुन्या काचेपेक्षा ताज्या भंगाराकडे जास्त असतं. आमच्या जिल्ह्यात विकली जाणारी बरीच बियर घाटापलीकडून, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून येते. २०२३ पर्यंत त्या लेबलांवर ‘औरंगाबाद’ छापलेलं असे. आता पत्त्यात ‘छत्रपती संभाजीनगर’ यायला लागलं आहे, आणि मधल्या काळात जुनी छपाई संपवायची म्हणून काही बाटल्यांवर जुनंच नाव दिसत राहिलं. भंगारवाल्याला मी सांगून ठेवलंय की ‘औरंगाबाद’ लिहिलेली, लेबल धड असलेली बाटली आली की बाजूला ठेव, धुवायला टाकू नको. तो म्हणतो, ‘‘भाऊ, ह्या तं आताच्या बाटल्या. ह्याईचं काय करता?’’ आणि वर रुपया जास्त मागतो. मी देतो.